मुख्य चालक

"मुख्य चालकाचं लायसन्स?" परदेशातल्या त्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. मी झटकन माझं पुढे केलं. तिनं कॉम्प्युटर पाहिला, मान हलवली. बुकिंग आमच्या ह्यांच्या नावावर!

ह्यांच्याकडे लायसन्सच नाही. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय ती मी. हे गणिताचे सर, आयुष्यभर माझ्या शेजारी बसून फिरलेत.

"अहो, स्वतःचं नाव कशाला घातलंत?"

"सवयीनं गं," हे पुटपुटले. "गॅस, लाइट, घरपट्टी... हात आपोआप चालला."

खरंच होतं ते. माझ्या स्कूलचा फोनसुद्धा ह्यांच्याच नावावर आहे आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. आज मात्र असा संताप आला म्हणून सांगू! बर्फामुळे दोन वाजता घाट बंद होणार होता, तो चार दिवस. आमचं परतीचं विमान पाचव्याच दिवशी. आणि घाटापलीकडे माझी ताई. तेरा वर्षं तिला भेटले नव्हते.

नाव बदलता येणार नाही, मुलगी म्हणाली. नवीन बुकिंग करा, पण ऑटोमॅटिक सगळ्या गेल्या. एक छोटी उरलीय, गिअरची. ती कुणी घेत नाही.

"गिअरची?" मी जवळजवळ ओरडलेच. "अगं बाई, आण ना मग लवकर!"

फॉर्मवर सगळ्यात वर माझं नाव लिहिलं. बर्फाचे टायर वाकून स्वतः चाचपले आणि बसले डावीकडे, कारण तिथं स्टिअरिंग तिकडेच. पहिल्या चौकात गिअर टाकायला गेले तर डावा हात दारावर आपटला. हे हसले. मी डोळे वटारले आणि मलाही हसू फुटलं.

घाट लागला. रस्ता पांढराशुभ्र, कडेला माणसाच्या उंचीचा बर्फ. "सेकंडला उचलायची, क्लच हळू, ब्रेक दाबायचा नाही," मी मोठ्यानं स्वतःलाच शिकवत होते. एका वळणावर मागची बाजू जराशी घसरली. ह्यांनी देवाचा धावा सुरू केला. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग अलगद फिरवलं आणि गाडी शहाण्यासारखी सरळ झाली. नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या हो! पावणेदोनला आम्ही घाट उतरलो.

ताई फाटकातच उभी होती. केस पार पिकलेले. ती धावत आली ती थेट उजव्या दाराशी, मला उतरवून घ्यायला. दार उघडलं तर आत हे!

तिनं वाकून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे, स्टिअरिंगकडे.

"तू चालवत आणलीस? ह्या बर्फातून?"

"मग काय! उतरू दे तरी मला."

ती वळसा घालून माझ्या दाराशी आली. दार बाहेरून घट्ट धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे.

"तेरा हिवाळे मी ह्या घरात बसून काढलेत, कुणी नेईल म्हणून," ती म्हणाली. "उतरू नकोस. आधी मला शिकव."