टाकीचं सोवळं

"ताई, निळा नको! निळा नको!"

हेमंत इतक्या जोरात ओरडला, की ताईचा हात दोरीवरच्या निळ्या टॉवेलपाशी तसाच अधांतरी राहिला. मागच्या व्हरांड्यातल्या त्या दोरीवर दोन टॉवेल वाळत असत. पांढरा दिवाणखान्यातल्या मोठ्या टाकीचा आणि निळा व्हरांड्यातल्या छोट्या, आजारी टाकीचा. बादल्या, जाळ्या, सगळंच दोन-दोन. निळ्या बाजूचं काही पांढऱ्या बाजूला लागायचं नाही, असा दंडक होता.

"ओले हात पुसत होते रे. विंचू चावल्यासारखा काय ओरडतोस?"

"आजारी टाकीचा आहे तो. त्याला हात पुसून मोठ्या टाकीशी गेलीस, तर संपलं सगळं."

"जन्मभर माझ्या सोवळ्याला हसलास," ताई पदराला हात पुसत म्हणाली, "आता बघ, माझ्याहून कडक सोवळं घरात आलंय. आई असती ना, म्हणाली असती, हेमू आता धाबळी नेसायचा तेवढा राहिलाय."

एरवी हेमंत हसला असता. आज हसायचंही त्राण नव्हतं. तो छोट्या टाकीसमोर उकिडवा बसला होता आणि गुडघे कुरकुरत होते. टाकीत वाळू नाही, खडक नाही, फक्त लपायला प्लास्टिकच्या नळाचा एक तुकडा. त्याच्या तोंडाशी बोटाएवढा केशरी मासा धापा टाकत होता. अंगावर तीन पांढरे पट्टे आणि शेपटीवर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके.

"खाल्लं का काही त्याने?"

"नाही."

"मग तू तरी खा. पोहे गार झाले. तुझी बजबजची गाडी चुकेल."

हेमंत आणि शकुनताई ही दोघं भावंडं. वडील नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि बालीगंजच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. त्यांच्यामागे हीच दोघं इथे उरली. लग्न दोघांचंही राहूनच गेलं. आधी ताईचं जमेना म्हणून हेमंतचं थांबलं, मग ताई एकटी पडेल म्हणून थांबलं आणि मग कुणी विचारेनासं झालं. ताई मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. हेमंत बजबजच्या एका तेल कंपनीच्या डेपोत टँकरच्या पावत्या फाडत निवृत्तीच्या उंबरठ्याशी आला होता. त्याच्या आयुष्यात हौस म्हणावी अशी एकच गोष्ट होती, दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी. ज्या शहरात माशाला खरा मान मिळतो तो ताटात, तिथे ही शाकाहारी भावंडं मासे पाळतात याचं शेजाऱ्यांना फार हसू येई.

त्या टाकीत एक जोडपं होतं आणि त्यांचं घर म्हणजे एक समुद्रफूल. दिसायला फूल, पण असतो तो जीवच. पाण्यात हलणाऱ्या त्याच्या बोटांमध्ये हे मासे झोपतात, आणि इतर माशांना डंख मारणारी ती बोटं त्यांना मात्र काही करत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या जोडीतला नर म्हातारा होऊन गेला. मादी त्या फुलाबाहेर येईना. हेमंत कामावरून आला की तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसे. तिला एक सोबती आणायचा, एवढंच आता त्याच्या मनाने घेतलं होतं. आपल्यामागे घरात कुणी एकटं राहू नये असं त्याला वाटे, आणि ते माशाबद्दलच वाटतं का, हे तो स्वतःला विचारत नसे.

"दादा, एकदम फ्रेश! चिंता करबेन ना," असं म्हणत दुकानदाराने पिशवीत बांधून दिलेला हा नर घरी आला आणि आठवडा व्हायच्या आत ठिपक्यांनी भरला. तो आधी वेगळा ठेवला होता हे नशीब. नाहीतर मादीही गेली असती.

हेमंतने पोहे उभ्यानेच खाल्ले. छोट्या बाटलीतलं निळं औषध थेंब मोजून आजारी टाकीत सोडलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि जाता जाता रोजच्यासारखं सांगितलं, "मोठ्या टाकीत कॅनमधलं पाणी खुणेपर्यंत भर गं. आणि त्या बाटलीला हात लावू नकोस, औषध आहे ते."

"कसलं?"

"औषध गं. माशाचं," असं म्हणत तो जिना उतरलाही होता.

नर हळूहळू सुधारू लागला. एका सकाळी त्याने चक्क खाल्लं आणि हेमंतने कितीतरी दिवसांनी पोहे बसून खाल्ले. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत झाली. इकडे आजारी बरा होत होता आणि तिकडे मोठ्या टाकीतलं समुद्रफूल मिटत चाललं होतं. बशीएवढं पसरणारं ते फूल वाटीएवढं झालं, मग लिंबाएवढं. मादी त्याच्यात अंग घुसळून त्याला जागं करू बघे. हेमंतने मोठ्या टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासलं. औषधाचा अंश दाखवणारे थेंब टाकताच एरवी स्वच्छ राहणारं ते पाणी निळसर झालं.

आजारी टाकीतलं औषध इथे आलं होतं. ते कुणी आणलं असणार? दोन्ही टाक्यांना हात लावणारा घरात तो एकटाच. आपलाच हात नीट धुतला गेला नाही, थकव्यात कुठलीतरी जाळी इकडची तिकडे झाली, या विचाराने त्याचं काळीज कुरतडलं. त्याने हात धुऊन धुऊन बोटांची सालं काढली. अर्धी टाकी उपसली, ताजं खारं पाणी भरलं. पुन्हा तपासलं तर पाणी पुन्हा निळसर. शेवटी एका संध्याकाळी फूल खडकावरून सुटलं आणि तळाशी घरंगळलं. हेमंतने ते बादलीत घेतलं. कुजका वास घरभर पसरला. ताईने उदबत्ती लावली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी कसल्याशा आंदोलनाने रेल्वेमार्ग अडवला. हेमंत स्टेशनवर थोडा वेळ घाम पुसत उभा राहिला आणि घरी परतला. आपल्या किल्लीने दार उघडून तो आत आला, तेव्हा ताई मोठ्या टाकीपाशी होती. हातात तांब्याचा गडू. बारीक धार धरून ती पाणी सोडत होती आणि मादीशी बोलत होती, "घे गं बाई. फूल गेलं म्हणून काय कुणी अन्नपाणी सोडतं?"

"ताई, हे काय?"

"पाणी. तूच सांगतोस ना, खुणेपर्यंत भर म्हणून."

"कॅनमधलं सांगितलं होतं."

"कॅनमधलंच आहे रे. तो उचलून वाकवायला होत नाही मला, मनगटं ठणकतात. तू रोज संध्याकाळी तोच कॅन आपल्याला प्यायला हंड्यात ओततोस ना? त्यातलं घालते. रात्रभर तांब्यात राहिलेलं. आपण पितो तेच."

"कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. का रे?"

हेमंत बूट न काढताच खुर्चीवर बसला. देव्हाऱ्याशेजारी तांब्याचा हंडा चिंच लावून घासलेला, लखलखीत उभा होता. उन्हाळा लागला तेव्हा तो नवा मासा या घरात आलाही नव्हता.

"ते औषध तांब्याचं आहे ताई," तो म्हणाला. "मासा थोडं तांबं सोसतो, ठिपक्यांमधले किडे मरतात. पण फुलाला ते विष. खाऱ्या पाण्याची नुसती वाफ होते, तांबं मागेच राहतं. रोज थोडं थोडं साचत गेलं असणार. आता खडकातही मुरलं असेल. या टाकीत पुन्हा फूल जगायचं नाही."

ताईने गडू टाकीपासून दूर घेतला.

"म्हणजे फूल मी मारलं."

नाही म्हणायला हवं होतं. तेवढं खोटं बोलायला काय जात होतं? पण हेमंत दमला होता. आपला हात निर्दोष होता याचं एक हलकं, लाजिरवाणं समाधानही त्याला वाटत होतं. तो म्हणाला, "हो."

ताईने गडू खाली ठेवला. "मला तू औषध म्हणालास, हेमू. कसलं, हे विचारलं होतं मी. तांबं म्हणाला नाहीस. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, मला तांबं कळलं नसतं?" तिचा आवाज चढला नाही. "घरात माणसं दोन. त्यात बोलायचं तेही अर्धंच."

 हेमंत बूट काढायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी हंडा माळ्यावर गेला आणि टाकीच्या पाण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. ते एक वेळ ठीक होतं. पण त्या दिवसापासून ताई विचारायला लागली. आमटीला चिंच घालू ना? मनी प्लँटला पाणी घालू? ही बादली घेतली तर चालेल? डेपोत टँकरवाल्यांच्या गर्दीत फोन वाजायचा आणि पलीकडून ताई म्हणायची, "हेमू, या बाटलीतलंच पाणी घालायचं ना टाकीत? हिरव्या झाकणाच्या?" ज्या ताईच्या धाकात हे घर इतकी वर्षं चाललं, ती आता पाहुणीसारखी दबकत वावरत होती. "अगं घाल ना ताई, मला काय विचारतेस!" असं त्याने अनेकदा म्हणून पाहिलं. ती "बरं" म्हणायची आणि संध्याकाळी पुन्हा विचारायची. फूल गेल्याचं दुःख त्याने गिळलं होतं, हे मात्र त्याला गिळवेना.

नर पूर्ण बरा झाला. शेपटी स्वच्छ, खायला हावरा. हेमंतने चहावाल्याकडून चहाचं मातीचं एक कोरं भांडं आणून, उकळून, फुलाच्या जागी आडवं ठेवलं. मादीने दोन दिवस त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मग कुरकुरत भाडेकरू व्हावं तशी त्यात राहायला गेली. खालून वाळू उडवून तिने अंगणही झाडलं.

रविवारी सकाळी हेमंतने नराला काचेच्या वाडग्यात घेतलं आणि हाक मारली, "ताई, ये. तू सोड याला."

"मी?" ताई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "नको रे. तूच सोड."

"तू सोड. हळूच वाडगा बुडवायचा, बस्स. तो आपणहून बाहेर येईल."

ताई पुढे आली, पुन्हा थबकली आणि उलट बेसिनकडे गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. हेमंतने डोकावून पाहिलं. मनगटातलं तांब्याचं कडं ती साबण लावून काढत होती. वातावर गुण येतो म्हणून कुणीतरी दिलेलं ते कडं कित्येक वर्षांत हातातून उतरलं नव्हतं. सुजलेल्या मनगटावरून ते हलत नव्हतं.

"ताई, राहू दे गं. त्या पाण्याला आता काही फरक पडत नाही."

"मला पडतो," ताई म्हणाली.

कातडी सोलवटून कडं निघालं. तिने ते खिडकीत ठेवलं, हात खळखळून धुतले आणि वाडगा घेऊन तो पाण्यात बुडवला. आतून मादी भांड्याच्या तोंडाशी आली. नर मात्र बाहेर यायला तयार नव्हता. ताईने त्याला हलवलं नाही, हेमंतकडे वळून काही विचारलं नाही. कड्याच्या जागी हिरवट वळ उमटलेलं तिचं मनगट त्या पाण्यात तसंच स्थिर राहिलं.