घाव न घालणारी ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. पण मला हातात घेऊन बघायचं म्हणाल, तर ते तुम्हाला जमणार नाही. माझं सगळं आयुष्य संगणकावरच्या एका खेळात गेलं. तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. माझ्या अंगावर जे घाव पडले ते पडताना मात्र कुणी हसत नव्हतं.

एका रानडुकराच्या कवटीतून माझा जन्म झाला. डुक्कर घराएवढं होतं. त्याला लोळवायला पाच जण गेले, त्यातल्या तिघांची आतडी त्याने सुळ्यांवर घेतली, तेव्हा कुठे ते पडलं. त्याच्या फुटलेल्या कवटीच्या हाडात लोखंड ओतून मला घडवलं. आमच्या जगात ढाल एकदा घडवून भागत नाही. तिला ऐरणीवर पुन्हा पुन्हा ठोकून घ्यावं लागतं. दर ठोक्याला ती आणखी कणखर तरी होते, नाहीतर तिचे तुकडे तरी होतात. माझ्या देखत दोन ढाली पाचव्या ठोक्याला फुटल्या. मी सात ठोके सोसले. सात ठोक्यांची ढाल म्हणजे लोक वळून वळून बघतात. पण तिला एक अटही असते. लढाईत तिची ताकद शून्यावर आली की ती कायमची फुटते. मग कुठलाच लोहार तिला सांधू शकत नाही.

माझा मालक प्यो गिल-सू. कोरियातल्या गुन्सानच्या बंदरात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. वय सत्तावन्न. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, कारखान्याच्या माडीवर एकटाच राहायचा. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मासळीबाजारामागच्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे ताशी संगणक मिळतात त्या दुकानात, तो येऊन बसायचा. मला त्याचं तोंड कधीच दिसलं नाही. पण त्याच्या कानाजवळच्या माईकमधून मला तिकडचं सगळं ऐकू यायचं. नूडल्स ओढल्याचा आवाज, खुर्चीची करकर, लांबून बोटीचा भोंगा. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस त्याला बोलायला फक्त इंजिनं असायची. हे मला माहीत होतं, कारण मंगळवारी पहिला अर्धा तास त्याचा आवाज गंजलेला असायचा.

त्याच्या डाव्या हाताला ना योंग-ओक बसायची. ती त्याच्याहून वर्षाने मोठी, स्वतःची लाँड्री चालवणारी. खेळात ती वैदू होती, जखमा भरून काढणारी. उजव्या हाताला सन हो-ग्यू, पार्सलं पोचवणारा, तिशीतला. तो धनुर्धारी होता आणि त्याची जीभ बाणाहून जलद होती.

आणि गिल-सूचं काम काय, तर मार खायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मार खाण्यात जेवढी अक्कल लागते तेवढी मारण्यात लागत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते. तो आधी आरोळी ठोकायचा, म्हणजे राक्षसाचा सगळा राग त्याच्यावर यायचा. मग हळूहळू पायाने सरकत राक्षसाचं तोंड असं फिरवायचा की त्याची नखं आणि जाळ मागच्या माणसांकडे जाऊच नये. थोडा वेळ टिकणारी आपली सगळी कवचं तो एकदम कधी खर्ची घालत नसे. एक संपलं की दुसरं, मध्ये योंग-ओकला श्वास घ्यायला जागा. स्वतःच्या रक्ताकडे त्याचं लक्षच नसायचं. त्याची नजर मागच्यांच्या रक्तावर असायची.

एकदा दगडाच्या खाणीत चाळीस हाडकुळी कुत्री आमच्यावर सुटली. गिल-सूची आरोळी निघायच्या आधीच हो-ग्यूने बाण सोडला. निम्मी कुत्री वळली, योंग-ओकवर पडली आणि तिचा गळा फाडून मोकळी झाली. उरलेल्यांचे जबडे मी एकटीने झेलले. माझ्या हाडात त्यांचे दात मोडून राहिले होते.

"हो-ग्यू, मी ओरडल्याशिवाय बाण सोडायचा नाही. किती वेळा सांगू?"

"काका, तुमची आरोळी निघेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपते."

"मग उपाशी मर. ताईंना कशाला मारतोस?"

"मला राहू दे रे जरा मेलेली," योंग-ओक म्हणाली. "तेवढीच पाठ टेकते."

असे दिवस होते. मी खूश होते असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, माझ्या मनात एक सल होती. शाबासकी सगळी तलवारी आणि धनुष्यं खाऊन जायची. कुणी म्हणायचं नाही की ढालीने काय मस्त मार खाल्ला. आणि मला मारताही येत होतं, मित्रांनो. माझ्या खालच्या काठाला धार होती. तो काठ शत्रूच्या जबड्यावर हाणायचा घाव पाच नंबरच्या बटणावर असायचा. बाकीच्या ढाली त्या घावाच्या फुशारक्या मारायच्या. माझा काठ मात्र कोरा करकरीत. गिल-सूने ते बटण तीन वर्षांत एकदाही दाबलं नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट असेल.

मग जळक्या राणीची गुहा आली.

राणी ताडाएवढी उंच होती. तिच्या हातांची हाडं कोळशासारखी, केसांना आग लागलेली, पण चेहरा मात्र जेमतेम विशीतल्या मुलीचा. ती दर मिनिटाला एक लांब श्वास ओढायची. त्याच क्षणी ढालीचा काठ तिच्या जबड्यावर बसला की श्वास तुटायचा. नाही बसला तर तो जाळ होऊन बाहेर यायचा आणि पंख्यासारखा पसरत जाऊन सगळ्यांना भाजून काढायचा. बाण, मंत्र, काहीही चालायचं नाही. ढालीचा काठच लागायचा.

मी आनंदाने थरथरले. म्हटलं, आता तरी.

अकरा वेळा आम्ही आत गेलो. अकरा वेळा राणीने श्वास ओढला, गिल-सूचा हात थिजला, आणि माझ्या मागे योंग-ओक जळून खाली पडली. हो-ग्यूच्या कातडीचे पापुद्रे उडाले. दर वेळी शेवटी गिल-सू एकटा उरायचा आणि राणी त्याला पायाखाली चिरडायची.

"काका, पाच नंबरचं बटण."

"बोट पोचत नाही."

"बोट पोचत नाही? इंजिनात कोपरापर्यंत हात घालता तुम्ही."

 हो-ग्यूने खुर्ची मागे सरकवली. "मी सरळ सांगतो, राग मानू नका. गुरुवारी माझ्या ओळखीचा एक ढालवाला येतोय. तुम्ही बाजूला बसून बघा." त्याचं पार्सल वाट बघत होतं, तो गेला. गिल-सूला हे दोन दिवस गमवावे लागले असते तर आठवड्यात काही उरलंच नसतं. मला भीती वाटली. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

योंग-ओकने नूडल्सचा एक घास ओढला. मग ती म्हणाली, "बोटाला काय झालंय, गिल-सू?"

"बोटाला काही झालेलं नाही, ताई."

"ते दिसतंय."

मग तो बोलला. असं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"सत्याऐंशी साली मी वीस वर्षांचा होतो. सक्तीच्या लष्करी नोकरीत मला सीमेवर नाही पाठवलं, दंगल पथकात घातलं. विद्यापीठाच्या फाटकासमोर, निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना अडवायला ढाली घेऊन उभं राहायचं. आमच्यातले जुने लोक ढालीचा खालचा काठ फुटपाथच्या दगडावर घासून घ्यायला लावायचे. धार येईपर्यंत. मी रोज घासायचो. एके दिवशी पुढे सरकायचा हुकूम झाला. समोर एक मुलगी होती. अश्रुधुराने डोळे जळू नयेत म्हणून डोळ्यांखाली टूथपेस्ट लावलेली. हातात ओला टॉवेल. दगड नव्हता, ताई. टॉवेल होता. मी काठ हाणला. तोंडावर. दात पडलेले मी बघितले. पण तिच्याकडे बघितलं नाही. ओळ पुढे गेली, मी ओळीबरोबर गेलो. ती जगली की मेली, तेही माहीत नाही मला."

मित्रांनो, तीन वर्षं मी ज्या घावाची आस धरून बसले होते, तो घाव कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या कोऱ्या काठाची मला लाज वाटायची, ती तिथेच संपली.

"त्या वर्षी मीही रस्त्यावर होते," योंग-ओक म्हणाली. "दुसऱ्या शहरात. बघू नकोस असा, माझे दात माझेच आहेत. डावा कान गेला तेवढा."

"ताई, मला माफ..."

"थांब. ती माफी माझ्याकडे नाही. जिच्याकडे आहे तिच्याकडे मागायची, सापडली तर. सापडली नाही तर ते ओझं वागव तसंच." तिने भांडं बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "तो काठ तू वापरू नकोस, मीही तुला वापर म्हणणार नाही. पण अकरा वेळा मी जळले, गिल-सू. तुझं दुखणं तुझं आहे, त्यात मला का जाळतोस? ढाल म्हणजे काय नुसता काठच असतो का?"

 दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कधी नव्हे तो गिल-सू एकटाच येऊन बसला आणि गुहेत शिरला. त्याने राणीकडून बावीस वेळा मरून घेतलं. दर वेळी आणखी एक पाऊल पुढे उभं राहून. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मग माझ्याही ध्यानात आलं. जाळ पंख्यासारखा पसरतो, पण जिथून निघतो तिथे तो मुठीएवढाच असतो.

गुरुवारी नवा ढालवाला आला होता. मागे उभा राहून सुकं माकूल चघळत होता.

"एक डाव मला दे," गिल-सू हो-ग्यूला म्हणाला. "नाही जमलं तर मी स्वतः उठून खुर्ची देतो. दोघंही अगदी माझ्या पाठीला चिकटून उभे राहा. एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही."

आरोळी झाली. राणी चवताळून आली, तिची नखं माझ्यावरून खरडत गेली. तिने श्वास ओढायला सुरुवात केली आणि गिल-सू मागे हटण्याऐवजी सरळ तिच्या हनुवटीखाली घुसला. त्याने मला आडवी नाही, उभी नाही, सपाट धरली आणि तिच्या तोंडावर दाबली.

जाळ सुटला. सगळाच्या सगळा माझ्यात. त्यातला काही माझ्या कडांवरून उलटून गिल-सूच्या दंडांवर गेला, कातडी सोलून हाडापर्यंत. योंग-ओक मागून त्याचं मांस पुन्हा भरत होती, जाळ पुन्हा ते काढत होता. त्याने एक कवच खर्ची घातलं, एकच. मागे दोघांच्या केसालाही धक्का लागला नाही. माझी मात्र शंभरातली पंधरा ताकद एका श्वासात गेली.

"काका, तुमची ढाल सात ठोक्यांची आहे," हो-ग्यू म्हणाला. "शून्यावर गेली तर संपली."

"बाण सोड."

दुसरा श्वास. तिसरा. माझ्यातलं लोखंड वितळून गिल-सूच्या मनगटावर टपकत होतं. चौथ्याला माझे सुळे गळाले. पाचव्याला ज्या कवटीतून मी जन्मले तिला उभी चीर गेली. राणी माझ्यावर दात आपटत होती, बाण तिच्या डोळ्यांतून आरपार जात होते, काळं रक्त माझ्यावर पडून उकळत होतं. सहाव्या श्वासाला गिल-सूकडे एकही कवच उरलं नाही आणि माझ्याकडे दहा ताकद उरली. पाच नंबरचं बटण अजूनही तिथेच होतं. त्याने ते दाबलं असतं तर मी वाचले असते.

मित्रांनो, मी मनातल्या मनात म्हटलं, दाबू नकोस.

त्याने दाबलं नाही. सातवा श्वास आला आणि मी फुटले. गिल-सू उभ्या उभ्या जळाला. पण राणीचा श्वास तेवढ्यात संपला, आणि हो-ग्यूचा बाण तिच्या घशातून जाऊन मानेतून बाहेर आला. ती गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली. सगळी गुहा राखेने भरली होती. गिल-सू जिथे पडला त्याच्या मागे मात्र एक स्वच्छ जागा होती, दोन माणसं उभी राहतील एवढी. त्या जागेत योंग-ओक आणि हो-ग्यू उभे होते.

 मग माकूल चघळणारा माणूस म्हणाला, "मी निघतो. इथे माझं काही काम नाही."

राणीच्या राखेतून नवी ढाल निघाली. माझ्यापेक्षा देखणी, धारदार. ती गिल-सूलाच मिळाली.

"हिचा काठ तरी वापरणार का?" हो-ग्यूने विचारलं.

"बोट पोचत नाही."

या वेळी हो-ग्यूने टोमणा मारला नाही. "बरं," तो म्हणाला. "मग मी तुमच्या आणखी जवळ उभा राहत जातो."

आता मी गिल-सूच्या पेटीत पडून आहे. माझ्या नावाखाली लिहिलेलं असतं, 'फुटके तुकडे, उपयोग नाही.' असले तुकडे लोक दुकानदाराला देऊन टाकतात. पेटीत जागा कमी पडली तेव्हा गिल-सूने दोन चांगल्या तलवारी विकल्या, मला ठेवलं. मंगळवारी तो एकदा पेटी उघडतो, थोडा वेळ माझ्यावर थांबतो आणि बंद करतो. नव्या ढालीचा मला हेवा वाटत नाही असं नाही. पण तिचाही काठ कोराच आहे, हे मी विचारून घेतलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी ढाल येईल. कसली ते मला सांगता येणार नाही. तेव्हा तिचा काठ घासत बसू नका. तिला तेलपाणी करा, आणि मागे वळून बघा की तुमच्या आडोशाला कोण उभं आहे. आणि समोर कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, तेही नीट बघा. माझ्या गिल-सूने ते एकदाच बघितलं नव्हतं, आणि सदतीस वर्षं झाली तरी त्याचं बोट एका बटणापर्यंत पोचत नाही.