डोंगरावर घरचं बोलायचं नाही

बाबांचा एकच कायदा होता: डोंगरावर घरचं बोलायचं नाही. दुखणी, भांडणं, परीक्षांचे निकाल, सगळं पायथ्याशी ठेवायचं आणि उतरताना पुन्हा उचलायचं. जो बोलेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दोघी बहिणी तो कायदा पाळत होत्या. धाकटी तर जरा जास्तच.

थोरली मात्र या वेळी घरचंच बोलायला आली होती.

बाबांच्या मागे आईने अंथरूण धरलं, तेव्हापासून थोरली तिच्या शेजारच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत होती. पाय मशीनवर, कान आईकडे. आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी दूरच्या गावातल्या मुलींच्या शिवणशाळेने तिला वर्षभरासाठी शिकवायला बोलावलं होतं. राहायला खोलीही होती, एकटीपुरती. सोमवारी दुपारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. होय म्हणायचं, तर आईला धाकटीने न्यायला हवं.

पत्र तिने आधी धाकटीच्याच हातात दिलं होतं.

"अगं ताई, किती छान!" धाकटी म्हणाली होती. "निवांत बोलू हं आपण. डोंगरावर जाऊ या दोन दिवस, तंबू घेऊन. आईपाशी बाई ठेवते मी."

रविवारी तिघं चढू लागली. पुढे धाकटीचा नवरा, मध्ये धाकटी, मागे थोरली. पायाखाली वाळलेलं गवत, गवतात वारा, वाऱ्यात कुठल्या तरी पाखराची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. थोरलीला वाटलं, आपल्याला छाती आहे हे आपण विसरूनच गेलो होतो की!

पहिल्या वळणावर तिने तोंड उघडलं. "चिमे, ते पत्र..."

"ताई, कायदा!" धाकटी खिदळली.

दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर थोरलीच्या लक्षात आलं, की निवांत बोलायला हिने नेमकी न बोलायची जागा निवडली आहे.

संध्याकाळी तंबू ठोकताना धाकटीच्या नवऱ्याला तंबूची काठी काही केल्या कडीत बसवता येईना. "चष्म्याचे एवढेएवढे स्क्रू बसवता ना दुकानात?" धाकटीने चिडवलं. सगळे हसले. चुलीवर सूप उकळत होतं. थोरली हसता हसता थांबली.

"चिमे, भांडी मी घासते. आजची, उद्याचीही. पण आता ऐक. आईला वर्षभर ने."

धाकटी सूप ढवळत राहिली. "तिला तुझ्याच हाताची सवय आहे गं. आणि आमच्या घराला दिवसभर कुलूप."

"बाई ठेव. दोन दिवसांसाठी मिळाली ना?"

"ताई, आज सगळेच दमलोय," नवरा ताटलीत बघत म्हणाला. "सकाळी बोलू."

ओढ्याच्या गार पाण्यात भांडी घासताना थोरलीची बोटं बधिर झाली. पण मनाने मात्र उचल खाल्ली होती. चिमी नाही म्हणाली नाही. उद्या आधी होय कळवून टाकायचं. एकदा कळवलं की आईला न्यावंच लागेल तिला. काय, रस्त्यावर ठेवणार आहे?

सकाळी खिंडीत फोनला रेंज आली. बाकीची दोघं पाणी प्यायला टेकली होती. थोरलीने शिवणशाळेच्या मुख्य बाईंना फोन लावला. "मी येतेय," ती एका दमात म्हणाली.

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या बहिणीचा फोन आला होता गुरुवारी. घरच्या अडचणीमुळे तुम्हाला जमणार नाही म्हणाल्या. आम्ही दुसऱ्यांना घेतलं. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"होतं," थोरली म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळलं नाही. घरातली लाज झाकायची जिभेला सवयच झाली होती.

ती वळली. धाकटी बाटलीचं झाकण लावत होती, लावलेलंच पुन्हा लावत होती.

"तुला स्वतःला नाही म्हणायला किती जड गेलं असतं, ताई! म्हणून मीच... आणि म्हटलं, निदान दोन दिवस तुला जरा मोकळी हवा मिळावी."

"छान होती हवा," थोरली म्हणाली.

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिने पाठीवरची पिशवी सारखी केली.

"बाई किती वाजेपर्यंत आहे आईपाशी?"

"पाचपर्यंत."

थोरली उतरू लागली. झपझप, दगडामागून दगड. मागून हाका येत होत्या, "ताई, थांब ना! अगं, माझा पाय मुरगळेल!" आयुष्यात पहिल्यांदाच ती धाकटीसाठी थांबली नाही.

पण चालली होती ती आईकडेच. आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.