काढून ठेवलेला लेगगार्ड

उचलली तर तिने होतीच. जमिनीवर आडवी पडलेली तीनशे किलोंची मोटरसायकल इल्वाने एकटीने, सीटला पाठ लावून, पायांच्या जोरावर उभी केली होती. मग ती वळली, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि डाव्या पायाने स्टँड चाचपू लागली. स्टँड नेहमीच्या जागी नव्हता. जुना पोलादी स्टँड तिनेच काढला होता, आणि त्याच्या जागी बसवलेला ॲल्युमिनियमचा चार बोटं पुढे होता. पाय तो शोधत राहिला. गाडी तिच्याकडे कलली. आधी हळूच कलली, मग मात्र हळू राहिली नाही.

आता ती शेडच्या काँक्रीटवर उताणी पडली होती आणि डावा पाय गुडघ्याखाली गाडीच्या चौकटीत दाबला गेला होता. जाड बुटामुळे हाड वाचलं असावं. फारसं दुखत नव्हतं, आणि तिला भीती त्याचीच वाटली.

फोन कामाच्या टेबलावर चार्जिंगला होता. पडल्या पडल्या तिला त्याची वायर दिसत होती. रेडिओ चालू होता. तिकडे दक्षिणेत, स्टॉकहोमकडे, रस्ते मोकळे होऊ लागले होते म्हणे. इकडे शेडच्या खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ होता. कोपऱ्यातली लाकडाची शेगडी अजून तापलेली होती, पण शेवटचं लाकूड तिने गाडी आडवी करण्याआधी घातलं होतं.

तिने दोन्ही हात टाकीला लावून रेटलं. गाडी हलली नाही. पाय ओढला. बूट चौकटीच्या नळीत अडकून बसला होता आणि नाड्यांपर्यंत हात पोचत नव्हता.

हे सगळं त्या नियमापायी होतं. बाबांच्या मोटरसायकल क्लबात बर्फ वितळल्यावर पहिल्या फेरीआधी प्रत्येकाने आपली गाडी सगळ्यांसमोर आडवी करायची आणि एकट्याने उचलायची. ज्याची उठली नाही, त्याने त्या साली चालवायची नाही. बाबांनी, म्हणजे आल्फने, हा नियम तरुणपणी स्वतःच केला होता. गेल्या वसंतात त्यांची गाडी उठली नाही. अंगणात वीसजण कॉफीचे कप धरून उभे होते, आणि सगळे एकदम आपापल्या कपात बघू लागले. इल्वाही. बाबांनी हातमोजे काढले, खिशात ठेवले आणि घरात गेले. ऑक्टोबरात ते वारले.

नंतर हिवाळाभर ती संध्याकाळी इथे येत होती. सोलेफ्तेओ गावातल्या शाळेत दिवसभर मुलांना इतिहास शिकवायचा आणि मग शेगडी पेटवून बाबांची गाडी सोलत बसायचं. एक्झॉस्टच्या दोन पोलादी नळ्या गेल्या, त्यांच्या जागी टायटेनियमची एक आली. मडगार्ड गेले, त्यांच्याऐवजी कार्बनचे आणून ठेवले. बॅटरी गेली, तिची हलकी बहीण आली. बोल्ट तर ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत होती, ज्यावर आई कधीकाळी दालचिनीच्या पावांचं पीठ तोलायची. ग्रॅमाग्रॅमाने चाळीस किलो उतरले. बाबांना नाही उचलता आली, ती आपण उचलायची, इतकंच तिला हवं होतं. कशासाठी, हे ती कोणाला सांगू शकली नसती.

कोणाला म्हणजे रूनेला. कारण रोज कॉफीच्या वेळेला शेजारून तोच एक यायचा. बाबांचा क्लबातला सर्वांत जुना सोबती, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, पोटामुळे दारातून तिरका होऊन शिरणारा. तो तेलाच्या डब्यावर बसून बघायचा आणि टोमणे मारायचा.

"आज काय काढलंस? चाक?"

"चाक राहू दे म्हटलं. शोभेला."

पण काल ती लेगगार्ड काढायला बसली, तेव्हा तो डब्यावरून उठला. इंजिनापुढचा तो जाड पोलादी नळीचा, दोन्ही बाजूंना कानासारखा बाहेर आलेला गार्ड.

"याला हात लावू नकोस."

"सहा किलो आहेत, रूने."

"सहा किलो हवेत तर माझ्या पोटाचे काप. इथून, बघ. कोणाला कळायचंही नाही."

"तुझं पोट माझ्या गाडीवर बसत नाही."

"चेष्टा नाही, पोरी. गाडी पडली की हा टेकतो आणि खाली जागा राहते. तो गाडीसाठी नसतोच. आल्फने पंचवीस वर्षांत त्याला पाना लावला नाही."

"बाबांनी पंचवीस वर्षांत काहीच काढलं नाही," ती म्हणाली. "म्हणूनच शेवटी उठली नाही त्यांच्याने."

रूनेने कप खाली ठेवला. टोपी घातली. "परत बसवशील तेव्हा बोलव," तो म्हणाला. "तोवर मी काही येत नाही." आणि तो शब्दाचा पक्का होता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

तो लेगगार्ड आता टेबलाखाली तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

टेबलाखाली बाकीचंही सामान होतं. हाताला आधी लागलं ते नवीन ॲल्युमिनियमचं हँडल, अजून न बसवलेलं. तिने ते चौकटीखाली सारलं, सरपणाचा एक ठोकळा ओढून खाली टेकू दिला आणि टोक दाबलं. गाडी किंचित वर आली. केसभर. तिने श्वास रोखून आणखी दाबलं आणि हँडल तिच्या हातात मऊ पडलं, वाकलं, आणि वाकूनच राहिलं. गाडी पुन्हा होती तिथे बसली, कदाचित थोडी खालीच. या वेळी दुखलं.

कार्बनच्या मडगार्डाला तिने हातही लावला नाही. तो न वाकता एकदम फुटला असता. टायटेनियमची नळी गाडीवर होती, म्हणजे तिच्या पायावर होती. तिने लेगगार्ड ओढून घेतला. तो चौकटीखाली शिरायला तीन बोटांची फट हवी होती. ती फट ठेवणं हेच त्याचं काम होतं, आणि आत शिरायलाही त्याला तीच हवी होती. ती हसली. शेडमध्ये ते हसू फार विचित्र ऐकू आलं, म्हणून तिने थांबवलं.

ती ओरडली. बर्फाने भिंतींना असं लपेटलं होतं की आवाज बाहेर गेला असेल असं तिलाही वाटलं नाही. पुन्हा ओरडली. रेडिओवर कुणीतरी रताळ्याचं सूप करायला शिकवत होतं.

शेगडीतला प्रकाश तांबडा झाला, मग करडा. काँक्रीटचा गारवा आधी पाठीत आला, मग दातांत. पायाची बोटं हलवून बघितली. हलली की नाही, ते तिला कळलं नाही. गेल्या वसंतात बाबा घरात गेले ते स्वयंपाकघरात नुसते बसून राहिले होते. ती आत गेली तेव्हा म्हणाले होते, "गार आहे इथे." मेमधल्या उन्हात. तिने त्यांना स्वेटर आणून दिला होता. त्यांना स्वेटर नको होता, हे तिला आत्ता, इथे पडल्यावर कळत होतं. पण काय हवं होतं, ते अजूनही कळत नव्हतं.

शेगडी विझली.

दार अडखळत उघडलं तेव्हा तिला आधी वाटलं, वाऱ्याने उघडलं.

"धूर का नाही तुझ्या धुराड्याला?" रूने दारातूनच ओरडला. "मी माझ्या खिडकीतून बघतोय कधीचा. म्हटलं, झोपली की काय..." आणि मग त्याने बघितलं.

"बोलायचं नाही," इल्वा म्हणाली. दात वाजत होते. "एक शब्द बोलायचा नाहीस."

"मी कुठे बोलतोय?" तो गुडघ्यावर बसला. त्याला ते जड गेलं. "बोटं?"

"कळत नाहीत."

त्याने चौकट धरून उचलायचा प्रयत्न केला. कंबरेत काहीतरी कटकन वाजलं आणि तो शिव्या देत मागे सरला. मग तो बाहेर गेला. क्षणभर तिला वाटलं, गेलाच. तो बर्फ फोडायची पहार घेऊन परत आला. पहार चौकटीखाली घातली, ठोकळा सरकवला आणि टोकावर हात ठेवून तिच्याकडे बघितलं.

"आता हसायचं नाहीस तू," तो म्हणाला, आणि सगळ्या अंगाने, पोटासकट, पहारीच्या टोकावर बसला.

गाडी उठली. दोन बोटं. तीन.

"गार्ड!" तो ओरडला. "गार्ड सार आत!"

इल्वाने लेगगार्ड दोन्ही हातांनी फटीत ढकलला. रूने हळूच उठला. गाडी खाली आली, पोलादावर टेकली आणि तिथेच थांबली. खाली जागा राहिली. तिने पाय बाहेर ओढला.

रूनेने बूट काढला, मोजा काढला आणि तिचं पाऊल आपल्या कोटाच्या आत काखेत धरलं, न विचारता, जणू ती पाच वर्षांची होती. मग बोटांत सुया टोचू लागल्या आणि ती रडली. रूनेला वाटलं, सुयांमुळे.

"मी उचलली होती," ती म्हणाली. "खरंच. पूर्ण उभी केली होती."

"मानलं."

"कुणी बघितलं नाही."

"म्हटलं ना, मानलं." त्याने बाहीवरचा बर्फ झटकला. "त्या दिवशी अंगणात मी पलीकडून धरली होती, आल्फची. कोणाला दिसू नये असं, खालून. जेमतेम बोटभर राहिली होती उभी व्हायला. त्याला कळलं. मला म्हणाला, सोड."

"आणि तू सोडलीस."

"तो म्हणाला म्हणून सोडली," रूने म्हणाला. "सोडायला नको होती."

रेडिओवरचं सूप केव्हाच झालं होतं. इल्वाने बूट पायात घातला, नाड्या न बांधता. टेबल धरून उठली. पाय टेकवला, टेकला. ती लंगडत गाडीला वळसा घालून गेली, वाकली आणि खालचं हँडल धरलं.

"डॉक्टरकडे जायचंय आधी," रूने म्हणाला.

"जाऊ. तिकडून धर."

"आणि नियम?"

"धर म्हटलं ना."

त्याने धरली. ती "हं" म्हणाली आणि दोघांनी मिळून गाडी उभी केली.

"सोडू?" रूनेने विचारलं.

"नको," इल्वा म्हणाली, आणि सावकाश, डोळ्यांनी बघत, स्टँड पायाने खाली ओढला.