वादी आखडते

जगन्नाथने शेवटची वादी ओढली आणि पद्मिनीच्या डाव्या हातावर, तिच्या जाड स्वेटरसकट, चामडी पट्ट्यांची बाही मनगटापासून खांद्यापर्यंत नीट मिटली. वर दोन बोटं जातील एवढी जागा उरली.

"झालं? आता कुणावर चाल करून जाऊ?" पद्मिनीने विचारलं. शेजारच्या अपार्टमेंटमधली, स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करणारी, दंडाने चांगली भरलेली. विरजण मागायला आली होती, तिला खुर्चीत बसवण्यात आलं होतं.

जगन्नाथने गाठ सोडून पुन्हा बांधली. पुन्हा जागा उरली.

मध्य आशियातल्या घोडेस्वारांच्या हातांवरचं चिलखत कसकसं बदलत गेलं, या प्रश्नाने अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये एकाच मराठी माणसाची झोप उडाली होती. बाकीच्यांची ग्रीन कार्डाने. आधी एकमेकींवर चढलेल्या, वादीने ओवलेल्या पट्ट्या. मग त्या गेल्या आणि लोखंडी कड्यांची जाळी आली. का? मोठमोठ्या लोकांनी कारणं दिली होती. जगन्नाथने सरळ बाहीच शिवली. स्वतःच्या हातावर स्वतःला वादी बांधता येत नाही, म्हणून बायकोच्या, मीनाक्षीच्या मापाने. धनुष्य डाव्या हातात, म्हणून डावा हात. स्वार आत जाड अंगरखा घालत, तेव्हा स्वेटरवरूनच बांध, हे मीनाक्षीनेच पहिल्या दिवशी सुचवलं होतं.

आणि या हिवाळ्यात शोध लागला. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात सहज मिटलेली बाही डिसेंबरात दंडावर मिटेना, जानेवारीत कोपराखालीही मिटेना. कोरड्या थंडीत वादी आखडते, आखडलेल्या बाहीत धनुष्य पेलवत नाही, म्हणून स्वारांनी जाळी पत्करली. कुणाचंही कौतुक न करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या प्रोफेसरांनी समासात कौतुक केलं. त्या संध्याकाळी मीनाक्षीने शिरा केला होता. थिसिसचा डिफेन्स, म्हणजे परीक्षकांसमोरची तोंडी परीक्षा, येत्या मंगळवारी होता.

"मला ढगळ होतेय यार," पद्मिनी म्हणाली. "आणि हिला म्हणे घट्ट! माझा दंड बघ, हिचा बघ. एका माणसावर थिअरी काढलीस तू. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हाकलून देतात असल्याला."

ओट्याशी मीनाक्षी एका हाताने वाटीत विरजण काढत होती. डावा हात तिने पोटाशी धरला होता.

पद्मिनी बाही सोडवून घेऊन, वाटी उचलून हसत गेली. दार लागलं.

जगन्नाथने एक वादी सोडवून मोजपट्टीवर धरली. ती ऑक्टोबरात होती तेवढीच होती. दोन वर्षांपूर्वी मीनाक्षीच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, हा हात सुजला तर थांबू नका, लगेच या. जगन्नाथने तेव्हा मान डोलावली होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मीनाक्षीने नळ बंद केला.

"तुला शोध लागला ना, त्याच्या थोडं आधीपासून."

"आणि मी तुझ्यासमोर बसून चामड्यावर चॅप्टरभर—"

"चांगलं लिहिलंयस. मीच टाइप केलं ना."

"मीनाक्षी."

"किती दिवसांनी जेवताना बोलायला लागला होतास रे." ती ओटा पुसू लागली. पुसलेलाच पुन्हा पुसला. "मंगळवार होऊ दे. मग जाऊ."

त्याने फोन लावला. क्लिनिकमधल्या बाईने नाव विचारलं, ऑपरेशन कुठल्या बाजूचं ते विचारलं, सूज कधीची ते विचारलं. शेवटच्या प्रश्नाला त्याला हिवाळा सुरू झाला तेव्हाची, असं सांगावं लागलं. बाई म्हणाली, आत्ताच घेऊन या.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. मीनाक्षीने आपल्या कोटाकडे हात नेला, तोवर जगन्नाथ स्वतःचा कोट तिच्यामागे उघडून उभा होता.

"हा तुझा आहे. तू काय घालणार?"

"याची बाही मोठी आहे," तो म्हणाला. "आधी डावा हात घाल."