मस्कतला निघालेली क्रांती

गगनबावड्यातल्या त्या वर्गात धुकं खिडकीतून आत यायचं आणि बाकांवरच्या बायकांचे चेहरे मधूनच पुसले जायचे. परदेशी कामाला जाणाऱ्यांना आधी माहिती द्यायला सरकारनं हे केंद्र नव्यानंच उघडलं होतं. ते चालवायला कोल्हापूरहून अक्षता आली होती. बोलताना तिला कधी कधी वाटे, आपण ढगांनाच शिकवतोय.

एके दिवशी मागच्या बाकावरून क्रांती उठली. पस्तिशीची, दवाखान्यात आयाचं काम करणारी.

"मी मस्कतला चाललोय. एका म्हातारीला सांभाळायचं काम हाय."

"व्हिसा कसला?"

"फिरायला जायाचा. एजंट म्हणतोय, तिथं बदलून मिळतोय."

"नाही मिळाला, तर तिथं कागदोपत्री तुम्ही कामगार नसालच. कुणी त्रास दिला तर दाद मागणं अवघड."

"मग जाऊच नको व्हय?"

"जा की. पण कामाच्या व्हिसावर, सरकारी संस्थेतून जा."

क्रांती बाहेर पडली आणि फाटकापाशीच धुक्यात दिसेनाशी झाली. पुढं कितीतरी दिवस अक्षताला ती पाठमोरी दिसत राहिली.

पाऊस सरता सरता क्रांती आईला, धोंडुबाईंना, घेऊन परत आली. एजंटाला तिनं नाही म्हटलं होतं. यथावकाश सरकारी संस्थेतून काम मिळालं. करार मात्र इंग्रजीत आणि अरबीत.

"पोरगी कशावर सही करत्या, ते मला ऐकू दे की," धोंडुबाई म्हणाल्या.

अक्षतानं करार मराठीतून सावकाश सांगितला. आठवड्याची सुट्टी, पासपोर्ट स्वतःजवळ, आजारपणात औषधपाणी. क्रांतीच्या मोबाइलवर तो रेकॉर्डही करून दिला. सगळ्या केंद्रांत असंच करावं, हे तिनं खात्याला सुचवलं आणि ते मान्य झालं.

मस्कतला पोचल्यावर मालकानं पासपोर्ट काढून घेतला. क्रांतीनं भारतीय वकिलातीच्या मदत क्रमांकावर फोन लावून करारात काय ठरलंय ते सांगितलं. मालकाला समज मिळाली, पासपोर्ट परत आला.

हे तिनं एका दुपारी फोन करून सांगितलं. अक्षता केंद्राच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"करमतं का तिथं?"

"आधी करमत न्हवतं. तुमचा आवाज लावून पडायचो. सुट्टी, औषधपाणी, ऐकता ऐकता डोळा लागायचा. आता म्हातारी माझा हात धरून झोपत्या. तिची भाषा मला कळत न्हाय, माझी तिला न्हाय. पण आम्ही बोलतो. आज सुट्टी हाय, ताई. समुद्रावर चाललोय."

फोन ठेवल्यावरही अक्षता तिथंच बसून राहिली. समोर दरी धुक्यानं भरत होती, आणि त्या पांढऱ्यात तिला ओल्या वाळूवरून सावकाश चालणारी एक बाई दिसत होती.