पुढच्या बरणीतला माल

मित्रांनो, गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात अगदी पुढे, गिऱ्हाइकाच्या हाताशी असते ती मी. जाड काचेची, पत्र्याच्या झाकणाची जुनी बरणी. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या काचेत हवेचा एक बुडबुडा राहून गेला होता. त्या खोटीमुळे मी स्वस्तात विकली गेले आणि या दुकानाच्या मालकांकडे आले. तिथे माझं नशीब उघडलं.

मालकांचा एक नेम होता. जो माल कुठून आला हे गिऱ्हाइकाला सांगता येईल तोच पुढच्या बरणीत, बाकीचा मागच्या फळीवर. तेव्हा पेपरमिंटच्या गोळ्या मागच्या गल्लीतच बनत आणि मालक थेट कढईपर्यंत जाऊन येत. पुढे चॉकलेटं आली. ती देणारा व्यापारी जुन्या ओळखीचा, म्हणून मालकांनी ती माझ्यात भरली. "आपल्या माणसाचा माल आहे," असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले, अगदी मनापासून.

मागल्या वर्षी मालक गेले. समाचाराला आलेली माणसं सवयीने माझ्याकडे हात न्यायची आणि मध्येच आवरायची. मग त्यांची लेक गल्ल्यावर बसू लागली.

एकदा एका चिमुरडीने तिला विचारलं, "मावशी, कोकोच्या बागांत लहान मुलांना राबवतात म्हणे. ही चॉकलेटं पण तसलीच का?"

बाबांचं वाक्य लेकीच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. तिने व्यापाऱ्याला फोन लावला.

तो हसला. "अहो ताई, चॉकलेटच्या कागदावर खात्रीचं हिरवं पान छापलंय की. आता काय झाडाची कुंडली मांडू?"

त्या पानाचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. बाबांची ओळख त्याच्या गोदामाच्या दारापर्यंतच पोचत होती. लेकीने मला रिकामं केलं.

दुकानात मदतीला असणारे तिचे काका चिडले. "बापापेक्षा शहाणी झालीस? उद्या साखर कोणी पिकवली तेही विचारशील."

"विचारणारच आहे. आणि काका, बाबांना हे कळलं असतं, तर त्यांनीच ही बरणी उपडी केली असती."

ती माझी स्वच्छ काच पुन्हा पुसत राहिली.

पुढचं काम सोपं नव्हतं. तिने चॉकलेटच्या कारखान्यांकडे विचारणा केली. कुणी नुसती बागांची चकचकीत चित्रं पाठवली, कुणी उत्तरच दिलं नाही. अखेर एका छोट्या कारखान्याने कोको कुठल्या बागांतून येतो आणि तिथे कोण काम करतं, ते नीट कळवलं. साखरेचं मात्र त्यालाही सांगता येईना. ती चॉकलेटं आज माझ्यात आहेत. आकाराने लहान, किमतीने मोठी. लेक प्रत्येकाला सांगते, "कोकोचं कळलंय, साखरेचं अजून नाही. शोध चालू आहे." काही जण वैतागून निघून जातात, पुष्कळ जण थांबून ऐकतात. हल्ली काकाही तेच सांगतात, फक्त जरा रंगवून.

म्हणून मित्रांनो, खाऊ घेताना तो कुठून आला ते विचारत जा. दुकानदार "माहीत नाही" म्हणाला तर रुसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. एकट्याने विचारलं तर तो हसण्यावारी नेईल. रांगेतल्या प्रत्येकाने विचारलं, तर त्याला शोध घ्यावाच लागेल.